डोणीजवळचा बाक

ऑल्डरसाइकच्या चॅपलमध्ये पाहुणे आले की त्यांना दोन गोष्टी दाखवायची पद्धत होती. पाहुणे शहरातले असतील तर छत, आणि मेथडिस्ट पंथाचे असतील तर भांडी घासायची डोणी.

छत जुनं होतं. दारावरच्या शिळेत १६४१ साल कोरलेलं आहे, त्याच वेळचं. चुन्याच्या नक्षीत वेली, पानं आणि चारही कोपऱ्यांत फुगऱ्या गालांची मुंडकी. वेलींना पूर्वी द्राक्षांचे घड होते. ऑल्डरसाइक हॉल हा जमीनदारांचा जुना वाडा मेथडिस्टांनी विकत घेतला तेव्हा विश्वस्तांच्या पहिल्याच बैठकीत या घडांवरून वाद झाला. दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेल्या माणसांनी दर रविवारी द्राक्षांखाली बसायचं का? एकजण म्हणाला, द्राक्षं बायबलातही आहेत. दुसरा म्हणाला, बायबलातली वेगळी, ही वाड्याच्या मालकांची, हेडली घराण्याची आहेत. शेवटी वेली राहिल्या, घड छिन्नीनं उडवले. नीट पाहिलं तर पानांमध्ये खडबडीत डाग अजून दिसतात.

शिशाचे भाव कोसळून खाणी बंद पडल्या तेव्हा हेडली मंडळी दक्षिणेकडे निघून गेली होती आणि हॉल रिकामा पडला होता. तोवर मेथडिस्ट एका कोठारात जमत. त्यांनी हॉलचं स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत पाडून एक मोठी खोली केली. वरच्या खोलीची जमीन काढली, म्हणून तिचं छत खालून दिसू लागलं. जिन्याच्या ओकच्या कठड्याचं व्यासपीठ झालं. काम केलं ते बेकार खाणकामगारांनी; पुढच्या दारातून आत पाऊल टाकायची ज्यांना आजवर मुभा नव्हती, त्यांनीच. सगळं हललं, पण भांडी घासायची दगडी डोणी हलली नाही. ती भिंतीतच बसवलेली होती, आणि ओढली तर भिंत सोबत येईल असं गवंडी म्हणाला. तिच्या शेजारचं मागचं दारही तसंच ठेवलं. डोणीत मग गीतांची पुस्तकं ठेवू लागले.

"हीच ती," चॅपलचे कारभारी जोनाथन पीअर्ट पाहुण्यांना सांगायचे. "इथे या डोणीखाली डुकरांची बादली असायची. ब्रदर नॅट्रसची बायको इथूनच—" आणि त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. कारण ब्रदर नॅट्रसची बायको पुष्कळदा तिथेच, हात-गुडघे टेकून फरशी पुसत असायची.

तिचं नाव थर्झा. चॅपलची झाडलोट, शेगडी पेटवणं, दिवे पुसणं हे तिच्याकडे होतं. तेराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत ती याच घरात, याच डोणीशी भांडी घाशी. मालक बदलले, लाद्या त्याच राहिल्या. ती डोणीवर एक फडकं टाकून त्यावर पत्र्याच्या भांड्यात फुलं ठेवायची. पाहुणे आले की पीअर्ट फुलं उचलून बाजूला ठेवायचे आणि फडकं काढायचे. ते गेले की थर्झा पुन्हा फडकं टाकायची. याबद्दल दोघांमध्ये कधी एक शब्दही झाला नाही.

गोष्ट अशी होती. थर्झाचा नवरा एमॉस नॅट्रस तरुणपणी शिशाच्या खाणीत होता आणि अट्टल पिणारा होता. एका हिवाळ्यात थर्झाचे बूट विकून तो दारू प्यायला. घरात दोन मुलं, चुलीवर काही नाही. थर्झा त्याचे लाकडी तळाचे जोडे पायांत घालून बर्फातून हॉलच्या मागच्या दाराशी गेली आणि डुकरांसाठी ठेवलेल्या बटाट्याच्या साली मागून आणल्या. ज्या बायकांबरोबर ती लग्नाआधी काम करत होती, त्यांच्याकडेच. पुढच्या वर्षी कोठारातल्या एका सभेत एमॉसला पश्चात्ताप झाला. त्यानं तिथेच गुडघ्यांवर वचन दिलं की प्रभूनं मला कुठून उचललं हे मी श्वास आहे तोवर सांगत राहीन. त्या दिवसानंतर त्यानं दारूचा थेंब घेतला नाही. वचनही मोडलं नाही, आणि पंचाईत तिथेच होती.

दर जूनमध्ये, गवतकापणीच्या आधीच्या रविवारी, चॅपलमध्ये प्रीतिभोजन असे. भोजन नावापुरतं. शहाजिऱ्याच्या केकचा एकेक तुकडा आणि दोन कानांच्या मोठ्या मगमधून हातोहात फिरणारं पाणी. खरं काम साक्षींचं. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. मात्र साक्ष लांबली तर कुणीही बसल्या जागेवरून एखादं गीत उचलायचं, सगळ्यांनी त्यात सूर मिळवायचा, आणि बोलणाऱ्यानं खाली बसायचं. यात कुणाला अपमान वाटत नसे. म्हातारा एझ्रा व्हिपॉंड दरवर्षी आपली गाय प्रार्थनेनं कशी बरी झाली ते सांगायचा आणि दरवर्षी गाय आजारी असतानाच लोक गाऊ लागायचे. ती बरी झालेली कुणी ऐकली नव्हती.

एमॉसच्या साक्षीवर मात्र कधीच कुणी गीत उचललं नाही. ती ऐकायला शेजारच्या खोऱ्यांतून माणसं येत. हॉलचं चॅपल झाल्यावर तर गोष्टीला जागाच मिळाली. एमॉसनं बाक निवडला तो डोणीजवळचा. "जिथे मी सगळ्यांत खाली गेलो, तिथेच बसायचंय मला," तो पीअर्टना म्हणाला, आणि सगळ्यांना ते फार आवडलं. थर्झाला कुणी विचारलं नाही. दरवर्षी तो उभा राहून डोणीकडे हात करायचा. "तिथे, बंधूंनो! त्या दाराशी माझी ही बायको उभी होती! स्वतः उपाशी, पण पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून डुकरांपुढचं उचलून घेऊन गेली!" लोक 'हालेलूया' म्हणायचे आणि थर्झाकडे वळून बघायचे. ती छताकडे बघायची. घड उडवल्याचे डाग तिच्या बाकावरून मोजता येतात.

शाळेत मुलांनी तिच्या मोठ्या मुलाचं, ईलायचं, नाव 'साल्या' ठेवलं. सतराव्या वर्षी तो कॅनडाला गेला. नाताळात कार्ड येई, त्यावर फक्त आईचं नाव. गाव म्हणायचं, चिडवण्याला कंटाळून गेला. थर्झालाही तसंच वाटे.

नवऱ्यानं तारणाची साक्ष दिली आणि बायकोला लाज वाटली, तर मेथडिस्टांच्या हिशेबात चूक बायकोची. थर्झालाही ते मान्य होतं. पण तिच्या लाजेचं मूळ वेगळं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी हॉलच्या स्वयंपाकिणीनं, मिसेस बेलनं, साली फडक्यात बांधताना आजूबाजूला बघून वर पावाचा एक जाड तुकडा ठेवला होता. पांढरा पाव, मालकांच्या टेबलावरून परत आलेला, लोणी लावलेला. थर्झानं तो घरी नेला नाही. गायरानाच्या दगडी भिंतीआड थांबून तिनं उभ्या उभ्या सगळा खाल्ला. मग घरी जाऊन मुलांना साली उकडून घातल्या. चार वर्षांच्या ईलायनं रिकामं फडकं नाकाशी धरलं आणि म्हणाला, "आई, लोण्याचा वास येतोय."

"हॉलच्या फडक्यांना येतोच तो," थर्झा म्हणाली.

तेव्हापासून दर जूनमध्ये एमॉस 'स्वतः उपाशी' म्हणायचा आणि लोक तिच्याकडे आदरानं बघायचे.

१९०९ साली चॅपलला पंचवीस वर्षं झाली. प्रीतिभोजन मोठं होणार होतं, वरच्या परिषदेचे पाळक येणार होते. त्याच वसंतात थर्झाच्या धाकट्या मुलीचं, लेआचं, लग्न ठरलं होतं. लेआ ही एमॉस सुधारल्यानंतर जन्मलेली. तिनं बापाला कधी प्यायलेलं पाहिलं नव्हतं. मुलगा विल्फ्रेड डार्ग, खालच्या बाजारगावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराचा. तेही मेथडिस्टच, पण गालिचा अंथरलेल्या चॅपलातले. त्याच्या आईनं, मिसेस डार्गनी, कळवलं की प्रीतिभोजनाला आम्ही सगळे येऊ.

"आई, बाबांना सांग ना," लेआ म्हणाली. ती इस्त्री करत होती आणि वर बघत नव्हती. "बाकी सगळं सांगू देत. प्यायचे, पडायचे, ते सांगू देत. बाजारगावातही निम्म्यांचे बाप प्यायचे. फक्त ती बादली नको."

"तूच सांग की."

"मी सांगितलं तर रडतील आणि मग जास्तच सांगतील."

ते खरं होतं. थर्झानं विषय काढला तेव्हा एमॉस परड्यात बटाट्यांना माती चढवत होता.

"यंदा डोणीचं नको बोलू," ती म्हणाली.

"का?"

"मिसेस डार्ग येतायत."

"मग तर बोलायलाच हवं. त्यांच्याकडे काय कमी पापी आहेत?"

"एमॉस, बादलीत हात माझा होता. तुझा नव्हता."

तो फावड्यावर रेलला. वाईट माणूस नव्हता. विचार करत होता. "पण त्यात तुझा काय कमीपणा? मी दरवर्षी सांगतो ते तुझं मोठेपणच सांगतो ना. लोक तुला किती मानतात."

"मला नको ते."

"थर्झा, मी वचन दिलंय. आणि ते काढलं तर माझ्याकडे राहतं काय? पीत होतो, सोडली. असं दहाजण सांगतात." तो पुन्हा माती ओढू लागला. "ती डोणी आहे म्हणून तर लोक ऐकतात."

पावाचं तिनं त्या दिवशीही सांगितलं नाही.

रविवारी चॅपल गच्च भरलं. गॅलरीतही जागा नव्हती. मिसेस डार्ग पुढून तिसऱ्या बाकावर, राखी हातमोजे घालून. केक फिरला, पाण्याचा मग फिरला. एझ्रा व्हिपॉंडची गाय नेहमीच्या ठिकाणी अडली. मग एमॉस उठला. खाण, दारू, बूट हे सगळं सांगून झालं. त्यानं हात वर केला. "आणि तिथे, बंधूंनो, त्या दाराशी—"

थर्झानं गीत उचललं.

ती चॅपलमध्ये कधी एकटी गायलेली नव्हती. आवाज फाटका लागला, सूर फार वरचा. दोन ओळी ती एकटीच गात होती. मग लोकांच्या लक्षात आलं की तीस वर्षांत तोंड न उघडलेली थर्झा नॅट्रस गातेय, आणि एकच कल्लोळ झाला. लोकांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. "ग्लोरी!" पीअर्ट ओरडले. गॅलरीत पाय आपटू लागले. गीताचं ध्रुवपद लोकांनी पुन्हा पुन्हा घेतलं. एमॉस हात तसाच वर धरून बायकोकडे बघत होता. मग त्यानं हात खाली घेतला आणि तो बसला.

बाहेर चहाच्या वेळी शेजारीण हेफ्झी रेन म्हणाली, "काय गं, इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस आणि आज एकदम कोंबड्यासारखी?"

"आलं मनात," थर्झा म्हणाली.

"मनात नाही बाई, नाकात आलं. पण छान झालं हो. माझे तर पाणावले डोळे."

मिसेस डार्ग लेआला म्हणाल्या, "तुझ्या आईत केवढा उत्साह आहे! आमच्याकडे सगळे मेल्यासारखे गातात." सप्टेंबरात लग्न झालं.

घरी जाताना एमॉस एवढंच म्हणाला, "चांगलं गायलीस." रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं स्तुतीचं गीत भांड्यावर झाकण घालावं तसं वापरलं होतं, आणि ते त्या भरल्या चॅपलमध्ये दोनच माणसांना कळलं होतं.

पुढच्या जूनमध्ये एमॉस उभा राहिला नाही. पीअर्टनी दोनदा त्याच्याकडे पाहून घसा खाकरला. एमॉस गीतांच्या पुस्तकाची शिवण बघत होता. त्यानंतर त्यानं बाकही बदलून घेतला, गॅलरीखालचा, मागचा. "वारा लागतो तिथे," असं कारण दिलं. तो पुन्हा प्यायला लागला नाही, तसं काही झालं नाही. फक्त त्याचं एक काम थांबलं. आजवर खोऱ्यात कुणी फार पिऊ लागला की एमॉस त्याच्या घरी जाऊन बसायचा. उपदेश नाही; चुलीजवळ बसायचं आणि स्वतःची गोष्ट सांगायची. काही सुधारले, बरेच नाही सुधारले. आता तो जाईना. "मी कोण सांगणार?" म्हणायचा. पाहुण्यांना डोणी दाखवणंही हळूहळू बंद पडलं. थर्झानं टाकलेलं फडकं आता कुणी काढत नव्हतं.

१९११ च्या शरदात, चॅपलमध्ये शेतातला माल मांडून साजऱ्या होणाऱ्या सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती फरशी पुसत असताना मागच्या दारावर थाप पडली. दारात ॲनिस कोल्टर्ड उभी होती. दगडाच्या खाणीतल्या सॅम कोल्टर्डची बायको, पंचविशीची. सॅमचं पिणं सगळ्यांना ठाऊक होतं. ॲनिसच्या अंगावर शाल होती आणि पायांत पुरुषाचे जोडे.

थर्झानं ते जोडे पाहिले. "काय गं?"

"काही नाही. आज सुगीची मांडामांड असेल ना?"

"आहे की. ये आत, थंडी आहे."

"नको, पायाला चिखल आहे." ती उंबऱ्याबाहेरच राहिली. "मांडून काही उरलं असेल... भाजीचं वगैरे... म्हणजे टाकणार असाल तर."

थर्झा हातातलं पोतेरं पिळत राहिली.

"मी नसते आले," ॲनिस घाईघाईनं म्हणाली. "आईकडेही गेले नाही, तिकडे नुसतं ऐकून घ्यावं लागतं. पण लहानपणी दरवर्षी ऐकायचे ना मी, गॅलरीत बसून. तुमचे मिस्टर सांगायचे ते. म्हटलं, थर्झामावशी स्वतःच या दाराशी येऊन गेल्यात. सगळ्या खोऱ्यात एवढंच एक दार आहे जिथे मी पहिली नाही."

थर्झानं पोतेरं टाकून हात धुतले. सुगीसाठी आणलेल्या पावांतला एक तिनं घेतला. तो दुसऱ्या दिवशी व्यासपीठासमोर ठेवायचा होता. डोणीवरची फुलं बाजूला केली, फडकं काढलं, डोणीच्या कडेवर ठेवून पाव कापला आणि सुगीसाठीच आलेलं लोणी जाड लावलं.

"हे इथेच खा," ती म्हणाली.

"मुलांना नेते ना."

"मुलांचं वेगळं बांधते. हे तुझं. माझ्यादेखत खा, आणि घरी गेल्यावर कुणापासून लपवू नको."

ॲनिसला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तिनं खाल्लं. थर्झा पाठ करून उरलेला पाव बांधत होती. तिचे कान तापले होते. चार-पाच मिनिटं मागून नुसता चावण्याचा आवाज येत होता.

त्या संध्याकाळी ती एमॉसला म्हणाली, "सॅम कोल्टर्डकडे जाऊन ये."

"जाऊन काय सांगू?"

"जे सांगायचास ते."

"ते संपलं," एमॉस म्हणाला. "झाकण तूच घातलंस, थर्झा. आता मला ते उचलता येत नाही. बरोबरच बोललीस तू तेव्हा, हात तुझा होता. गोष्टही तुझी आहे."

पुढचा सगळा हिवाळा ती त्या वाक्यावर रागावलेली होती.

१९१२ च्या प्रीतिभोजनाला लेआ आणि विल्फ्रेड आले होते, मिसेस डार्गही. ॲनिस गॅलरीत होती, एकटी. पाण्याचा मग फिरून झाल्यावर थर्झा उभी राहिली. समोरच्या बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"मी त्या डोणीबद्दल सांगणार आहे," ती म्हणाली. "आमच्या यांनी पुष्कळदा सांगितलंय. यांना सगळं माहीत नाही. मी साली मागायला आले, ते खरं. पण मी उपाशी नव्हते राहिले. मिसेस बेलनं मला पावही दिला होता—"

इथे जोनाथन पीअर्टनी गीत उचललं. दयेनंच उचललं, बाई अडखळतेय, तिची अब्रू राहावी, एवढाच हेतू. सगळ्यांनी सुटल्यासारखा सूर मिळवला. अशा वेळी बसायचं असतं. थर्झा बसली नाही. ती बाक धरून उभी राहिली, छताकडेही न बघता. एक कडवं झालं, दुसरं झालं. गाणाऱ्यांचे आवाज बारीक होत गेले, पण सुरू केलेलं गीत मध्येच तोडायचं कसं, म्हणून ते शेवटपर्यंत गायले. संपल्यावर ती तिथूनच पुढे बोलली.

"—लोणी लावलेला. तो मी गायरानाच्या भिंतीआड खाल्ला. सगळा. पोरांना ठेवला नाही. ईलायला वास आला तर त्याला खोटं सांगितलं. तीस वर्षं तुम्ही मला मान दिलात तो मी बसून घेतला. एवढंच."

कुणी 'हालेलूया' म्हणालं नाही. या साक्षीच्या शेवटी तारण नव्हतं, त्यामुळे काय म्हणायचं ते कुणाला सुचेना. पाळकांनी लगेच आशीर्वाद देऊन सभा संपवली. लेआ चहाला थांबली नाही. पुढच्या दारातून निघाली ती थेट घोडागाडीत बसली. मिसेस डार्ग हातमोजे चढवत म्हणाल्या, "काही गोष्टी देवालाच सांगितलेल्या बऱ्या असतात, मिसेस नॅट्रस." हेफ्झी रेननं चहाचा कप आणून दिला आणि पहिल्यांदाच तिला थट्टा सुचली नाही. ॲनिस जिन्यावरून उतरली, थर्झाजवळ आली आणि तिच्या हातातला रिकामा कप घेऊन धुवायला गेली.

घराकडची चढण अर्धी झाली तेव्हा एमॉसनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"लोणी होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"नक्की?"

"एमॉस, मी खाल्लंय ते."

तो वाटेतच थांबला. "ईलाय म्हणाला होता."

"काय म्हणाला होता?"

"दहा वर्षांचा असेल. प्रीतिभोजनाहून येताना. बाबा, आई उपाशी नव्हती, फडक्याला लोण्याचा वास होता, म्हणाला." एमॉस रस्त्याकडे बघत बोलत होता. "मला वाटलं, पोरं चिडवतात म्हणून आईवर काहीतरी घेतोय. खोटं बोलतो म्हणून मी त्याला मारलं. इथेच. पट्ट्यानं. तारण झाल्यानंतर मी कुणावर हात टाकला तो तेवढाच. तो कधी साक्षीत सांगितला नाही."

थर्झा दगडी भिंतीला टेकली. कार्डावर फक्त तिचंच नाव का असतं, हे तिला वीस वर्षांनी कळत होतं. आणि ज्याला मार बसला ते पोर एकटंच खरं बोललं होतं. एमॉसनं तिचा हात धरायला हात पुढे केला आणि मग स्वतःच मागे घेतला. उरलेली चढण दोघं पुढेमागे चढली.

सोमवारी एमॉसनं कागद आणि नवी निब आणली. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. कॅनडाचा पत्ता वर लिहून झाला, 'प्रिय ईलाय' झालं, आणि गाडी तिथेच अडली.

"मी आधी लिहितो," एमॉस म्हणाला. "मारलं मी."

"मारलंस माझ्या खोट्यापायी. पाव मी खाल्ला."

"तू तुझं सांगितलंस काल, सगळ्यांसमोर. आता माझी पाळी."

"त्याच्यासमोर नाही सांगितलं."

शाई दोनदा निबवर वाळली. शेवटी थर्झानं त्याच्या हातातून टाक काढून घेतला, निब पुसली आणि लिहिलं: तुला लोण्याचा वास आला होता, तो खरा होता. मग कागद फिरवून एमॉसपुढे सरकवला.